राखेवरचं पाणी

देऊळगाव राजात शकूर रंगाऱ्याचं घर विचारलं, तर लोक आधी कपाळाला आठ्या घालत आणि मग म्हणत, "हैदर रंगाऱ्याचा भाऊ का? तो घरी कुठं सापडतो, नदीवर जा." एवढीच त्याची गावातली ओळख. ती कानावर पडली की त्याच्या तळपायाची आग मस्तकाला जायची, आणि ती रोजच पडायची, म्हणून हा माणूस सदा पेटलेलाच असे. नदीवर धुणं घेऊन येणाऱ्या बाया त्याच्या शेजारचा चांगला सपाट दगड मोकळा सोडून लांब खडकाळीत जाऊन बसत. सकाळी सकाळी कुणाला त्याचं तोंड बघायचं नसे.

धुण्यात कमीपणा काही नाही. पण शकूर रंगाऱ्याच्या पोटी जन्मलेला, आणि रंगाऱ्याच्या घरात कामं दोन. एक डेऱ्यावरचं, दुसरं नदीवरचं. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मोठ्या मातीच्या डेऱ्यात नीळ मुरत असायची. त्यात पागोटं बुडवायचं, काढायचं, भिंतीतल्या खुंटाला अडकवून करकचून पिळायचं, हवा लागू द्यायची, पुन्हा बुडवायचं. पिळा कच्चा राहिला, आत पाणी राहिलं, की पुढचा रंग ठिगळाठिगळांनी चढतो आणि पागोटं डोक्यावर बांधल्यावर खरूज झाल्यासारखं दिसतं. म्हणून ज्याच्या मनगटात जोर जास्त, तो डेऱ्यावर. गिऱ्हाईक त्याच्याशी बोलणार, त्याला 'रंगारी' म्हणणार, त्याचे हात कोपरापर्यंत निळे असणार. आणि दुसरा कोऱ्या कापडाची खळ काढायला नदीवर जाणार, रंगवलेलं धुऊन आणणार, ओल्या गठड्या डोक्यावर वाहणार. शकूरचे हात पाण्यानं पांढरेफटक पडलेले, बोटांच्या पेरांना सुरकुत्या. थोरल्या भावाचे निळे हात त्याच्या डोळ्यांत खुपत.

कोण डेऱ्यावर आणि कोण नदीवर, याचा निवाडा त्यांच्या बापानं लावून दिलेल्या रिवाजानं व्हायचा. पावसाळा सरला, ऊन तापू लागलं, डेरे नव्यानं लावायची वेळ आली, की बालाजीच्या यात्रेआधीच्या एखाद्या शुक्रवारी अंगणात पिळा व्हायचा. मांजरपाटाचे दोन सारखे तुकडे भिजवायचे. एकानं पिळायचा, दुसऱ्यानं तोच तुकडा खुंटाला लावून पुन्हा पिळायचा, खाली पितळी परात. मग दुसऱ्या तुकड्याला उलट. ज्याच्या पिळलेल्या कापडातून मागाहून जास्त पाणी निघालं, तो वर्षभर नदीवर. बाप गेल्यापासून परातीजवळ सरवरीबी बसे, दोघांची आई. तिच्या तोंडाला गल्लीतली कुत्री भीत असत, पण निवाड्यात ती कुणाची भीड ठेवत नसे. आणि बाप गेल्यापासून दरवर्षी शकूर हरत होता.

दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नसत. एकाच अंगणात राहायचं, एकाच चुलीवरचं खायचं, आणि बोलायचं ते आईच्या मार्फत. "अम्मा, त्याले सांग, लाल पागोटी आधी धुऊन आन." "अम्मा, त्याले सांग, मले समजते काय आधी धुवाचं ते." मधे बसलेली सरवरीबी सुपारी कातरत म्हणे, "माहे कान म्हंजे काय डाकघर हाय काय?" तरी दोघं थांबत नसत.

अशात एक दिवस शेषराव पाटील नदीवरून चालले होते. पाटील म्हणजे जवळच्याच गावचे, भरपूर काळ्या जमिनीचे धनी. दर यात्रेला नवं पागोटं रंगवून घेणारे. घोडी थांबवून ते शकूरला म्हणाले, "काय हो, हैदरमियाले सांगा, यंदा रंग जरा गडद पायजे. मागल्या टायमाले तुम्ही धुतानी उतरवला."

"मी त्याचा नोकर नाई," शकूर म्हणाला. "भाऊ हाओ त्याचा. मीबी रंगारी हाओ."

"असान," पाटील म्हणाले. "पण डेऱ्यावर त कधी दिसले नाई."

घोडी निघून गेली. पाटलांच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणूनच ते बोलणं जास्त लागलं. शकूर त्या दिवशी घरी आला तो जेवला नाही. भाभीनं, म्हणजे हैदरच्या बायकोनं, नजमुन्निसानं, भाकरी झाकून ठेवली, ती त्यानं सकाळी कावळ्यांना टाकली आणि तेही तिच्या समोर.

त्यानंतर त्याची मेहनत सुरू झाली. नदीकाठी बाभळीचं एक गोल दांडकं त्यानं तासून घेतलं, त्याच्या मध्यावर दोरी बांधली, दोरीच्या टोकाला दगड. हात समोर सरळ धरायचे आणि नुसत्या मनगटांनी दांडकं फिरवत दोरी गुंडाळायची, दगड वर येईपर्यंत. मग तसंच हळूहळू सोडायचं. सोडताना जास्त दुखतं, हे त्याला लवकर कळलं. वाळूच्या टोपलीत मूठ खुपसून आतल्या आत पिळा द्यायचा. कपडे कुटायची मोगरी शेंड्याला धरून एका हातानं गोल फिरवायची. काठावर त्यानं दगड ओळीनं मांडून ठेवले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. एक दगड सोपा वाटू लागला की पुढचा. त्या दगडांना कुणी हात लावला तर तो मोगरी घेऊन धावत जाई. एकदा तर म्हशी पाण्यावर आणलेल्या माणसाशी तो त्यावरून हातघाईवर आला.

आपण किती पुढं गेलो हे कळावं म्हणून त्यानं कोपराखाली काळा दोरा बांधून पाहिला. मूठ आवळून दोरा गुंडाळायचा, जिथं टोकं मिळतील तिथं गाठ मारायची. पुढच्या महिन्यात तोच दोरा अपुरा पडला. त्याला इतका आनंद झाला की त्या दिवशी तो नदीवरच्या बायांना चक्क "सलाम" म्हणाला, आणि बाया घाबरल्या. पावसाळ्यानंतरच्या पिळ्याला तो छाती काढून गेला. आणि पुन्हा हरला. हैदरनं पिळलेल्या तुकड्यातून त्याला जेमतेम ओल काढता आली, आणि त्यानं पिळलेल्यातून हैदरनं परातीवर पाण्याची धार नाही, पण थेंबांची चांगली रांग पाडली. हैदर आईला म्हणाला, "अम्मा, त्याले सांग, दंड घेऊन कुस्तीत जाय. पागोट्यात दंड नाई लागत."

शकूरनं तो दोरा दातांनी तोडून चुलीत टाकला. दोरा खोटं बोलला होता. मांस फुगलेलं दोऱ्याला कळतं, पिळा किती खोल गेला ते दोऱ्याला कळत नाही.

खरं माप त्याला आपोआप सापडलं. लाल रंगासाठी आल नावाच्या झाडाच्या मुळ्या उकळायची भट्टी अंगणात होती. तिची राख कुणीतरी वाळत घालायच्या दोरीखाली ओतून ठेवली होती. एके दुपारी शकूर नदीवरून आला आणि त्याला दिसलं की दोरीवर जिथं हैदरची निळी पागोटी टांगलेली होती, तिथं खालच्या राखेला बारीक निळी भोकं पडलेली, तुरळक. आणि जिथं त्यानं स्वतः आणलेली धुतलेली लुगडी टांगली, तिथं थोड्याच वेळात राख चाळणीसारखी झाली. त्यानं खाली बसून नीट पाहिलं. राख खोटं बोलत नव्हती.

तेव्हापासून दोरीखाली राख पसरणं हा त्याचा नेम झाला. भट्टीची राख चाळून, पायानं सपाट करून, दोन पट्टे. एका पट्ट्यावर भावाचा माल, दुसऱ्यावर आपला. आणि यात तो कच्चा नव्हता. पागोट्याशी पागोटंच टांगायचा, लुगड्याशी लुगडं. वारा सुटला असेल तर त्या दिवसाचं धरायचं नाही. जाड कापड पाणी धरून ठेवतं म्हणून कोऱ्याशी कोरं आणि जुन्याशी जुनं. एकदा नागपूरच्या कुण्या साहेबाची मोटार गावातून गेली आणि साऱ्या रस्त्याची धूळ राखेवर बसली, त्या दिवशी त्यानं साहेबाला, मोटारीला आणि वऱ्हाड नागपूरला जोडणाऱ्या साऱ्या सरकारला शिव्या घातल्या. त्याचं त्या दिवसाचं माप वाया गेलं होतं.

सरवरीबी खाटेवरून हे सगळं बघत असे. ती एकदा म्हणाली, "राखीत काय पाह्यतो रे? भावाकडं पाह्य कधी."

"त्याचं थोबाड पाहून माहा दिवस खराब काऊन करू?" शकूर म्हणाला.

आता आईचं बोलणं त्यानं ऐकलं असतं तर पुढचं सारं वाचलं असतं. पण रागानं भरलेल्या माणसाला आईचं बोलणं म्हणजे माशीची भुणभुण. भावाच्या तोंडाकडे तो कित्येक वर्षं पाहत नव्हता, हाताकडे कुठून पाहणार. त्याचा भाऊ त्याच्या लेखी राखेवरची भोकं होता.

संक्रांत झाली आणि राखेत एक नवल घडलं. हैदरच्या पट्ट्यावर भोकं वाढली. रोज थोडी थोडी वाढत गेली, आणि होळीच्या सुमाराला तर निळ्या थेंबांनी राख अगदी भिजून जाऊ लागली. शकूरची स्वतःची भोकं दरम्यान कमी झाली होती. त्याचं जेवण वाढलं, आवाज वाढला. भावाला माज चढला, हात सैल सोडून पिळतो आता, असं त्यानं ठरवून टाकलं. हैदर गिऱ्हाइकांशी बोलायला ओसरीवर शाल पांघरून बसतो, पूर्वीसारखा डेऱ्याजवळ उभा दिसत नाही, हे त्यानं पाहिलं होतं, आणि त्याचा अर्थही माजच लावला. शकूर नदीवर निघून गेल्यावरच डेऱ्याचं काम सुरू व्हायचं आणि तो यायच्या आत दोरीवर माल टांगलेला असायचा. भाऊ आपल्याला डेऱ्याची सावलीसुद्धा पडू देत नाही, असा त्याचा हिशेब.

उन्हाळ्यात एक दिवस दारात तीन-चार गिऱ्हाइकं बसलेली असताना त्यानं दोरीवरची दोन निळी पागोटी ओढून काढली. हातानं पिळून सगळ्यांना दाखवलं. निळं पाणी मनगटावरून ओघळलं.

"हे पाह्या," तो म्हणाला. "हे रंगाऱ्याचं काम. हे पिळलेलं म्हनतेत." आणि पागोटी त्यानं डेऱ्याच्या कडेच्या चिखलात फेकली.

हैदर ओसरीवरून उठला नाही. शालीतून हातसुद्धा बाहेर काढला नाही. स्वयंपाकघराच्या दारात नजमुन्निसा उभी होती. ती वरवट बकालकडची, मुळात बोलायला कमी, आणि या घरात आल्यावर आणखी कमी. तिनं शकूरकडे एकदा पाहिलं आणि पुढं येऊन ती पागोटी चिखलातून उचलली. शकूरनं तिच्याकडे बघण्याची गरज मानली नाही.

त्या दिवसानंतर मात्र राख बदलायला लागली.

पहिले काही दिवस त्याच्या ध्यानात आलं नाही. मग एका दुपारी त्याला दिसलं की भावाच्या पट्ट्यावर भोकं कालच्यापेक्षा कमी आहेत. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी कमी. एखादा दिवस पुन्हा बिघडायचा, की पुन्हा सावरायचा. कुणीतरी शिकत होतं, रोज आदल्या दिवसाच्या पुढं जात होतं. शकूरला वाटलं, आपण पागोटी चिखलात फेकली ते भावाला झोंबलं, आणि आता तोही चोरून मेहनत करतोय. अंगाचा तिळपापड झाला त्याच्या. त्यानं नदीवरचे पुढचे दोन दगड एकदम घेतले. मनगटात कळ यायची, रात्री भाकरी मोडताना बोटं मिटायची नाहीत, तरी दुसऱ्या दिवशी दांडकं हातात. राख त्याच्या बाजूला जवळजवळ कोरी राहू लागली. आणि भावाची बाजूही हळूहळू तिच्या मागं मागं येत राहिली.

"अम्मा, त्याले इचार, कुठं मेहनत करून राह्यला," तो म्हणाला.

"अम्मा, त्याले सांग, तू तुही राख पाह्य," हैदर ओसरीवरून म्हणाला. आवाजात असा काही कडूपणा होता की शकूर चपापला. पण तो कडूपणा आपल्यासाठीच आहे, एवढं त्याला कळलं आणि पुरलं.

पावसाळ्यात वाळवण घरात गेलं. राख पसरायला जागा नाही, मापायला काही नाही. ते महिने त्यानं कसे काढले ते नदीला माहीत. पूर आलेल्या पाण्याच्या काठी उभं राहून तो दांडकं फिरवायचा आणि आत कुठंतरी भीती वाटायची. भाऊ आता कुठवर गेला असेल, हे त्याला कळत नव्हतं. रागात भीती मिसळली की माणूस जास्त वाईट वागतो. त्यानं एक गोष्ट ठरवली. यंदा पिळ्याला शेषराव पाटलांना बोलवायचं. हरल्यावर हैदरचं तोंड गावानं पाहिलं पाहिजे.

"तुमी मले डेऱ्यावर कधी पाह्यलं नव्हतं ना," तो पाटलांना म्हणाला, "तं या शुक्रवारी पाह्याले या."

पाटील आले. यात्रा तोंडावर आली होती, ऊन कडक होतं. घंगाळात मांजरपाटाचे तुकडे भिजत पडलेले. खुंटाखाली परात. सरवरीबी तिच्या जागी. आणि हैदर आश्विनातल्या त्या उन्हात शाल पांघरून ओसरीवर बसलेला.

"अम्मा, त्याले सांग, उठ म्हना," शकूर म्हणाला.

हैदर उठला नाही. सरवरीबी सुपारी कातरत राहिली.

"काऊन? पाटलायसमोर लाज वाटून राह्यली काय?"

तेव्हा हैदरनं शाल बाजूला केली आणि हात मांडीवर ठेवले. कोपरापर्यंत निळे होते. निळे होते म्हणूनच इतके दिवस कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. रोज सकाळी तो ते डेऱ्यात बुडवून काढत असे. पण बोटांचे सांधे आल्याच्या गाठींसारखे सुजून वाकडे झाले होते, आणि अंगठा बोटाला टेकत नव्हता. त्या हातात पाण्याचा पेलासुद्धा धड राहिला नसता.

"संक्रांतीपासून," तो शकूरला नव्हे, पाटलांना म्हणाला.

शकूरला दया आली असं लिहायला बरं वाटलं असतं. पण त्याला दया आली नाही. त्याला राग आला, आजवर आला नव्हता इतका. आपल्याला कुणीतरी लुटलं, असं वाटलं. ज्याला हरवायला एवढे दगड उचलले, तो संक्रांतीपासून तिथं नव्हताच.

"मंग पिळत कोन होतं?" त्यानं विचारलं.

"मी," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

शकूर मोठ्यानं हसला. "चला," तो म्हणाला. "मंग झालं तं. डेरा माहा. पाटील, पाह्यलं ना तुमी, त्यानं हात टाकले."

"गप," सरवरीबी म्हणाली. "तुह्या अब्बाचा रिवाज काय होता? जो सालभर डेऱ्यावर पिळते, त्याच्याशी पिळा. तो मरद पायजे असं त्यानं मले तं सांगितलं नव्हतं."

"बाईमानूस पाटलायसमोर पिळन?"

"पाटील भिंतीकडं तोंड करतीन. करसान ना पाटील?"

पाटील तमाशा बघायला आले होते, आणि हा तमाशा त्यांना सोडवेना. त्यांनी खाट स्वतः उचलून फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

नजमुन्निसा ओढणी डोक्यावरून घट्ट खोचून बाहेर आली. तिच्या हातांकडे शकूरनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बारीक होते, आणि कोपरापर्यंत निळे. दोरा गुंडाळला असता तर त्याच्या दोऱ्याच्या निम्मा.

धाकट्यानं आधी. शकूरनं तुकडा उचलला, खुंटाला अडकवला, दोन्ही टोकं मुठीत घेतली आणि साऱ्या अंगाचा जोर लावून पिळा दिला. पाणी बदाबदा पडलं. पुन्हा आवळलं. मानेच्या शिरा वर आल्या. मांजरपाट करकरलं. थेंब थांबेपर्यंत त्यानं सोडलं नाही, आणि सोडलं तेव्हा तुकडा कडक दोरखंडासारखा झाला होता. त्यानं तो परातीवर टाकला आणि पाटलांच्या पाठीकडे पाहिलं.

सरवरीबीनं परात पुसून कोरडी केली. नजमुन्निसानं तो तुकडा उलगडला. आधी झटकला. मग लांबीला घडी घातली, खुंटाला लावला आणि एका टोकापासून थोडा थोडा आवळत आली, जसं दळताना जातं फिरवतात, घाई नाही, थांबणं नाही. शेवटाला आल्यावर घडी उलटी केली आणि पुन्हा तसंच.

टप.

मग आणखी एक. मग आणखी. पितळेवर आवाज स्पष्ट येत होता. पाटलांची मान किंचित कलली. पडायचे तेवढे पडून झाले, तेव्हा परातीच्या तळाशी पाण्याचा गोल ठिपका जमला होता.

आता दुसरा तुकडा. तिनं पिळला, त्याच रीतीनं, आणि शकूरच्या हातात दिला. परात पुन्हा पुसली. शकूरनं खुंटाला लावला आणि पिळा दिला. काही नाही. आणखी आवळला. दंडावरचं मांस थरथरलं, घाम कपाळावरून डोळ्यात उतरला. नदीवरचे सारे दगड, मोगरी, वाळूची टोपली, सगळं त्यानं त्या एका तुकड्यात घातलं. परात कोरडी. त्यानं घडी बदलली, तिच्यासारखी. परात कोरडी. त्याच्या कपाळावरचा घाम परातीत पडेल म्हणून सरवरीबीनं हात पुढं केला आणि त्याला मागं सरकवलं.

"पाटील," ती म्हणाली, "काय ऐकलं?"

"सरवरीबी," ते भिंतीला म्हणाले, "पहिल्या कपड्याचं ऐकलं. दुसऱ्याचं मले काही ऐकू आलं नाई."

शकूरनं हातातला तुकडा जमिनीवर आपटला. "हे काय लबाडी हाय," तो ओरडला. "ही रोज पिळत होती, मले कोनी सांगितलं नाई. मी कोनासंगं लढत होतो तेच मले सांगितलं नाई."

नजमुन्निसानं तो तुकडा उचलला आणि घंगाळाच्या कडेला नीट ठेवला. मग ती त्याच्याशी बोलली. एवढी या घरात ती कधी बोलली नव्हती.

"मलेबी कोनी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "तू पागोटी चिखलात फेकली तवा मले समजलं का माहा पिळा कच्चा राह्यते. हातात तं मले ते सुकंच वाटे. मंग दुसऱ्या दिवशी मी तुही राख पाह्यली. तुह्या बाजूनं कोरी, माह्या बाजूनं भोकंच भोकं. तू नदीवर गेला का मी रोज कालची राख पाहून पिळाले लागत होती. तू ते पसरलं नसतं, तं मी आजबी तसंच कच्चं पिळत असती, आनं आज डेरा तुहा असता."

पाटील घसा खाकरून उठले आणि "पागोटं उद्या पाठवतो" असं कुणाला तरी म्हणून निघून गेले.

नजमुन्निसा डेऱ्याजवळ गेली आणि झाकण काढलं. मग ओसरीकडे वळली, नवऱ्याकडे. "हात नाई तं पाय हायेत," ती म्हणाली. "डेऱ्यापाशी बसून खानारं कोनी मले नाई पायजे. तुमीबी उद्यापासून नदीवर."

सरवरीबीनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "अब्बाचा रिवाजच हाय तो," ती म्हणाली. "जो पिळत नाई तो नदीवर." हैदरनं आईकडे पाहिलं, पण ती दुसरीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ नदीवर गेले, पुढं-मागं, मधे बैलगाडी जाईल एवढं अंतर ठेवून. हैदरला हातानं काही जमण्यासारखं नव्हतं. तो घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहून कोऱ्या कापडावर नाचत खळ काढू लागला, म्हाताऱ्या बैलासारखा, जड पायांनी. बायांनी तोंडाला पदर लावले. शकूर मोगरीनं कुटत राहिला. धुऊन झालेलं एक पागोटं त्यानं झाडाच्या बुंध्याला अडकवून पिळलं आणि गठडीवर टाकलं.

हैदर पाण्यातून बाहेर आला. त्यानं वाकड्या बोटांनी ते पागोटं कसंबसं उचललं आणि परत शकूरच्या पुढ्यात टाकलं. कित्येक वर्षांत तो भावाशी थेट बोलला नव्हता.

"पुन्हा पिळ," तो म्हणाला. "ती घरी पाह्यते."

शकूरनं मोगरी उचलली. क्षणभर वाटलं, घालतो डोक्यात. मग त्यानं ती खाली ठेवली, पागोटं झाडाला लावलं, आणि पुन्हा पिळलं. त्यातून पाणी निघालं.